रणांगणावर बायका होत्याच. प्रश्न हत्याराचा आणि हुद्द्याचा आहे

स्त्रियांनी प्रत्यक्ष लढाईत उतरावं की नाही, यावर एकदा बोला, असं काही श्रोत्यांनी मागेच सुचवलं होतं. आम्ही तो विषय बरेच दिवस टाळला. का टाळला, ते शेवटी सांगू.

सुरुवात जवळच्याच ठिकाणापासून करू. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे आपल्या एनडीएत, दीक्षान्त संचलन झालं. तीनशेहून अधिक कॅडेट होते, त्यात सतरा मुली होत्या. खडकवासल्याला ही संस्था सुरू झाली १९५५ साली. सत्तर वर्षांत त्या मैदानावरून मुली कॅडेट म्हणून बाहेर पडल्या, त्या पहिल्यांदाच. वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली, घरोघरी कौतुक झालं. पण आता बघा, यातल्या ज्या मुली भूदलात जातील, त्यांना नियमित सैन्यातलं पायदळ, रणगाडा दल आणि यांत्रिक पायदळ २०२५ सालीही बंदच होतं. प्रशिक्षण तेच, मैदान तेच, पण पुढचं एक दार लावलेलं. ते दार का लावलेलं आहे आणि तसं ठेवणं बरोबर आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. त्यामुळे प्रश्न आला की आधी तो नीट मांडला आहे का, हे पाहायची खोड. ‘स्त्रियांनी युद्धात जावं का’ असं आपण विचारतो तेव्हा एक गोष्ट गृहीत धरतो. ती अशी, की युद्ध ही पुरुषांची जागा आहे, स्त्रिया बाहेर उभ्या आहेत, आणि त्यांना आत घ्यायचं की नाही एवढंच ठरायचं आहे. हे गृहीतच इतिहासाला धरून नाही.

१४ जानेवारी १७६१, पानिपत. सैन्याबरोबर कुटुंबकबिला होता, यात्रेकरू होते, बायकामुलं होती. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत होत्या. त्या कशाबशा सुखरूप परतल्या. बाकी किती जणी परतल्या नाहीत! लढाई हरल्यावर छावणीतल्या बायकामुलांना गुलाम म्हणून धरून नेलं गेलं. मराठी माणूस पानिपताचं दुःख अडीचशे वर्षं सांगतो आहे, पण त्यात हेही धरा, की त्या रणभूमीवर स्त्रिया होत्या. त्यांच्या हातात हत्यार नव्हतं, आणि मोहिमेचा कुठलाच निर्णय त्यांचा नव्हता.

याउलट उदाहरण झाशीचं. मोरोपंत तांब्यांची मुलगी, झाशीच्या नेवाळकरांची सून. राणी लक्ष्मीबाईंबद्दल आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून तपशील सांगत नाही. पण एक मराठी साक्षीदार त्या वेढ्यात प्रत्यक्ष हजर होता, त्याची आठवण करू. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं. १८५८ च्या वेढ्यात आणि झाशी पडल्यानंतर शहरात काय झालं, ते गोडसे भटजींनी पाहिलं तसं लिहून ठेवलं आहे. इंग्रजांच्या बाजूच्या वर्णनांतही तटावर बायका दारूगोळा वाहताना, मोर्चांवर काम करताना दिसल्याची नोंद आहे. राणीचं नाव राहिलं. त्या तटावरच्या बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. दारूगोळा वाहणारी लढणारी समजायची की नाही? तोफेचा गोळा तर तिला आणि गोलंदाजाला सारखाच लागत होता.

म्हणून आम्ही प्रश्न थोडा फिरवून विचारतो. स्त्रिया युद्धात होत्याच. त्यांना हत्यार, हुद्दा आणि हक्क द्यायचा की नाही, आणि ते कोणी ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे.

याच्या मुळाशी जी तर्कपद्धती आहे ती फार जुनी आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये, पाचव्या पुस्तकात, सॉक्रेटिस असं सुचवतो, की आदर्श नगराच्या रक्षकांत स्त्रियाही असाव्यात, त्यांना पुरुषांसारखंच शिक्षण मिळावं आणि त्यांनी युद्धातही जावं. आता ऐकणारे म्हणणार, स्त्री-पुरुषांत निसर्गानेच फरक आहे, मग काम एक कसं? सॉक्रेटिसचं उत्तर मोठं गमतीचं आहे. टकला माणूस आणि केसाळ माणूस यांच्यातही निसर्गानेच फरक असतो. मग टकल्यांनी जोडे शिवायला घेतले, तर केसवाल्यांना त्या धंद्यात बंदी घालायची का? मुद्दा हा, की फरक असणं पुरेसं नाही. तो फरक त्या कामाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे का, हे दाखवावं लागतं. प्लेटो स्त्रियांचा फार कैवारी होता असं समजू नका. साधारणपणे स्त्रिया बळाने कमी असतात, हेही तो तिथेच म्हणतो. पण सरासरीवरून एखादीला अडवता येत नाही, हा त्याच्या युक्तिवादाचा गाभा. हे सूत्र हाताशी ठेवू, पुढे लागेल.

आता विसाव्या शतकात येऊ. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि त्यांनी आझाद हिंद फौजेत स्त्रियांची स्वतंत्र रेजिमेंट उभी करायचं ठरवलं. तिला नाव दिलं झाशीच्या राणीचं. प्रमुख झाल्या डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन. मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या सिंगापूरला दवाखाना चालवत होत्या. पुढे आपण त्यांना कॅप्टन लक्ष्मी सहगल म्हणून ओळखलं. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी प्रशिक्षणाची छावणी सुरू झाली. भरती झालेल्यांत बहुसंख्य मुली मलायाच्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ कुटुंबांतल्या होत्या. कित्येकींनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. त्यांना बंदूक, संगीन, कवायत, लांब पल्ल्याची कूच, सगळं शिकवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांना ब्रह्मदेशात आणलं. पण इंफाळच्या आघाडीवर त्या लढल्या नाहीत. मोहीम फसली, मागे जखमींची रांग लागली, आणि या मुलींच्या वाट्याला मुख्यतः शुश्रूषेचं काम आलं. एप्रिल १९४५ मध्ये रंगूनमधून माघार घेताना सुभाषबाबू त्यांच्या तुकडीबरोबर राहिले. त्या वाटेवर हल्ले होत होतेच.

काही जण म्हणतात, लढल्याच नाहीत तर काय मोठं? आम्हाला हे पटत नाही. शिपायाचं शिपाईपण गोळी झाडल्याने ठरत नाही. हुकूम आला तर जायचं, हे त्याने पत्करलेलं असतं, त्याने ठरतं. त्या मुलींनी ते पत्करलं होतं. पण पुढे काय झालं, तेही पाहा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आझाद हिंद फौजेच्या लोकांना भारतीय सैन्यात परत घेतलं गेलं नाही. स्त्रियांच्या त्या रेजिमेंटचा सैन्यात काही वारसाही राहिला नाही. आणि १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये, कलम बारामध्ये, केंद्र सरकारने अधिसूचना काढून जेवढी सूट दिली असेल तेवढी सोडून स्त्रिया सैन्यभरतीला अपात्र ठरल्या. म्हणजे ज्या देशाने शाळेच्या पुस्तकात झाशीची राणी घातली, त्याच देशाने कायद्यात तिला दार लावलं.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. त्याच महायुद्धात सोव्हिएत रशियात सुमारे आठ लाख स्त्रिया सैन्यात होत्या. १९४१ च्या ऑक्टोबरात, जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने येत असताना, मरीना रास्कोवा या वैमानिक बाईंच्या आग्रहाने स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट काढायचा हुकूम निघाला. त्यातली ५८८ वी रात्री बॉम्ब टाकणारी. विमानं कुठली, तर लाकूड आणि कापड यांची, प्रशिक्षणासाठी बनवलेली, हळू चालणारी पो-२. लक्ष्याजवळ आल्यावर इंजिन मंद करायचं, तरंगत खाली यायचं, बॉम्ब टाकायचे आणि निघायचं. एका रात्रीत अशा अनेक फेऱ्या. युद्ध संपेपर्यंत या रेजिमेंटने तेवीस हजारांहून जास्त उड्डाणं केली. जर्मन शिपाई त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हणायचे. शत्रूने दिलेलं नाव पुढे त्यांचा बहुमान झालं. आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये ती रेजिमेंट विसर्जित केली गेली. स्वेतलाना अलेक्सिएविच या लेखिकेने पुढे अशा शेकडो स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी लिहिल्या. १९८५ साली ते पुस्तक आलं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आघाडीवरून आल्यावर अनेक जणींनी पदकं पेटीत टाकली आणि सैन्यात होतो हे सांगायचंच सोडलं, कारण शेजारीपाजारी आणि नातेवाईक संशयाने बघायचे.

ब्रिटनमध्ये तर तर्काची कमालच झाली. १९४१ पासून तिथे विमानवेधी तोफांवर स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्या होत्या. पंतप्रधान चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरी अशाच तुकडीत होती. शत्रूचं विमान शोधायचं, त्याची उंची आणि अंतर मोजायचं, यंत्रावर गणित करून तोफेचा रोख ठरवायचा, ही सगळी कामं स्त्रिया करत. तोफ डागायची मात्र पुरुषाने. नियमच तसा होता. म्हणजे स्त्री लढते आहे की नाही, ही सीमारेषा तोफेच्या कळीवर आखलेली! आता वरून बॉम्ब पडला तर तो कळ कुणी दाबली हे विचारून पडणार होता का? प्लेटोचं सूत्र इथे लावून पाहा. फरक होता, मान्य. पण कामाशी त्याचा संबंध काय?

या सगळ्या उदाहरणांत एक चाल सारखी दिसते. संकट गळ्याशी आलं की स्त्रियांना बोलावतात. संकट टळलं की घरी पाठवतात. बोलावताना त्यांच्या शौर्याची स्तुती होते, पाठवताना त्यांच्या प्रकृतीची काळजी केली जाते. हक्क म्हणून दिलं असतं, तर ते असं काढून घेता आलं नसतं.

भारतात पुढे काय झालं, ते थोडक्यात. परिचारिका आणि डॉक्टर म्हणून स्त्रिया सैन्यात आधीपासून होत्या. १९९२ साली इतर काही शाखांत अधिकारी म्हणून त्यांना अल्पकालीन सेवेत घ्यायचं ठरलं. आधी पाच वर्षं, मग वाढवत वाढवत चौदा. आता इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी वीस वर्षं सेवा लागते. चौदाव्या वर्षी बाहेर पडलेल्या बाईला पदकं असतील, काश्मीर आणि ईशान्येतल्या नेमणुका असतील, पण पेन्शन नाही. वय चाळिशीकडे झुकलेलं. यावर कज्जे झाले. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बबीता पुनिया प्रकरणात निकाल दिला, की स्थायी कमिशन स्त्रियांनाही मिळालं पाहिजे आणि त्यांना हुकमतीच्या जागा सरसकट नाकारता येणार नाहीत. सरकारच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा असा होता, की जवान बहुतांशी ग्रामीण भागातले, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नसते. न्यायालयाने तो मुद्दा मानला नाही. आमचंही मत तेच. आणि खेड्यातल्या माणसाला नावं ठेवायला जाऊ नका. ताराबाईंनी १७०० पासून सात वर्षं औरंगजेबाशी झुंज चालवली, तेव्हा त्यांचे हुकूम मानणारे मावळे कुठल्या शहरातले होते?

२०२१ च्या मार्चमध्ये नितीशा प्रकरणाचा निकाल आला. तो आम्हाला जास्त विचार करण्यासारखा वाटतो. स्थायी कमिशनसाठी शारीरिक क्षमतेची अट स्त्री-पुरुषांना एकच ठेवली होती. वरवर अगदी समान. पण पुरुषांची ती तपासणी नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात झालेली, आणि या बायकांना हक्क उशिरा मिळाल्यामुळे त्यांची झाली चाळिशी-पन्नाशीत. न्यायालयाने सांगितलं, हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. माप एकच असलं तरी ते कधी लावलं, यालाही महत्त्व असतं.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. हे दोन्ही निकाल लढाऊ शाखांबद्दल नाहीत. तिथलं दार न्यायालयाने उघडलेलं नाही. हवाई दलाने २०१६ साली तीन लढाऊ वैमानिक स्त्रिया घेतल्या, २०२३ साली तोफखान्यात स्त्री अधिकारी आल्या. पायदळ राहिलं आहे.

पायदळाविषयीचे आक्षेप सगळेच फालतू नाहीत. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१५ मध्ये मिश्र तुकड्यांचा मोठा प्रयोग केला. १३४ कामांपैकी ९३ कामांत केवळ पुरुषांच्या तुकड्या सरस ठरल्या, आणि स्नायू व हाडांच्या दुखापती स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळल्या. पाठीवर वजन घेऊन डोंगर चढायचा, जखमी साथीदार ओढून आणायचा, ही कामं भावनेवर होत नाहीत. टीकाकार म्हणाले, यात सरासरी काढली, माणसाची पारख केली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेने सगळ्या लढाऊ शाखा स्त्रियांना खुल्या करायचं जाहीर केलं, ब्रिटनने २०१८ मध्ये. आम्ही या प्रयोगातून एवढंच घेतो: कामाची कसोटी कामावरून ठरवा, ती कुणासाठीही सैल करू नका, आणि जी व्यक्ती ती पार करेल तिला अडवू नका. शंभरातल्या पाचच जणी पार करतील? मग पाच घ्या. उरलेल्या पंच्याण्णव जणी हे त्या पाच जणींना नाकारायचं कारण होऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप शत्रूच्या हाती सापडण्याचा. बाईची विटंबना होईल, ही भीती खरी आहे. पण ती हत्यार हाती नसलेलीलाही चुकली नाही, पानिपत आठवा. १३ डिसेंबर २००१ चा दिवसही आठवा. संसदेवर हल्ला झाला तेव्हा फाटकावर केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कमलेशकुमारी उभ्या होत्या. त्यांच्याजवळ वायरलेस संच होता, शस्त्र नव्हतं. त्यांनी आरडाओरडा करून सावध केलं आणि गोळ्या झेलल्या. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. बाईला धोक्यापासून दूर ठेवलं, असं आपण म्हणतो; प्रत्यक्षात धोक्यासमोर तिला रिकाम्या हाताने उभं केलं होतं.

तिसरा आक्षेप आमच्या काही स्त्रीवादी मैत्रिणींचा, आणि तो आम्हाला सगळ्यांत जड वाटतो. त्या म्हणतात, मारण्याच्या धंद्यात वाटा कशाला मागायचा? युद्धच कमी करा ना. यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की युद्ध नको म्हणण्याचा अधिकारही ते करू शकणाऱ्याच्या तोंडी जास्त शोभतो. मनाईमुळे घरी बसलेल्याला अहिंसेचं श्रेय घेता येत नाही.

आता, विषय का टाळत होतो ते. १९८२ साली आमच्या वर्गात एक मुलगी होती. एनसीसीत होती, नेमबाजीत बक्षिसं मिळवलेली. बी.ए. झाल्यावर विचारायला आली, ‘सर, मला सैन्यात जायचंय. काय करू?’ आम्ही वर्गात प्लेटोचं पाचवं पुस्तक शिकवत होतो बरं का, आणि चांगलं शिकवत होतो. पण तिला म्हणालो, ‘अगं, तिकडे तुमचं काय काम? बी.एड. कर, सुखी राहशील.’ तेव्हा कायदाही तिच्या विरुद्ध होता, हे खरं. पण आम्ही कायदा सांगितला नाही, आमचं मत सांगितलं. तिने बी.एड. केलं. १९९२ ची जाहिरात निघाली तेव्हा तिचं वय उलटून गेलं होतं.

त्या मे महिन्यात संचलनाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. आता तीही निवृत्त आहे. म्हणाली, ‘सर, रागावून नाही हो फोन केला. त्या मुली चालताना पाहिल्या आणि तुमची आठवण झाली.’ आम्ही तिला म्हटलं, ‘बाई, तेव्हा आम्ही चुकलो.’ ती हसली आणि म्हणाली, ‘मग आता हे वर्गात सांगा, सर.’

वर्ग तर आता उरला नाही. म्हणून इथे सांगितलं. तुमच्या घरातली, ओळखीतली एखादी मुलगी हा प्रश्न घेऊन आली, तर तिला आधी कसोटी काय आहे ते विचारून घ्यायला सांगा. तुमचं मत नंतर.

इथे थांबतो.